धनुष्यावरचा आकडा आणि तुमच्या बोटांवरचं वजन

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये लाकडी बाणांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. दुसऱ्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे, कारण पारंपरिक तिरंदाजी सोडून देणारी बहुतेक माणसं तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न: माझं वय ४४. खांद्याचं जुनं दुखणं होतं, आता बरं आहे. पारंपरिक धनुष्य घ्यायचंय. एक अनुभवी मित्र म्हणतो, ४५ पौंडांचंच घे, दोन महिन्यांत सवय होईल, नाहीतर पुन्हा दुसरं घ्यावं लागेल. आणि लाँगबो घ्यावा की रिकर्व्ह?

उत्तर: मित्र तुमच्या भल्यासाठीच सांगत असेल, पण हा सल्ला मानू नका. ४५ पौंड, म्हणजे पूर्ण ओढताना बोटांवर येणारं वजन, एकदा ओढून दाखवणं धडधाकट माणसाला जमतं. तेवढ्या वजनावर नेमबाजी शिकणं मात्र फार थोड्यांना जमतं, आणि तुमच्या खांद्याने तर एकदा इशारा दिलेलाच आहे. २५ ते ३० पौंडांपासून सुरुवात करा.

धनुष्य हातात घेतल्यावर एक चाचणी कराच. दोरीवर बाण लावा, लक्ष्यासमोर उभे राहा, पूर्ण ओढा, बोट ओठांच्या कोपऱ्याला टेकवा. मनात सावकाश पाचपर्यंत मोजा आणि बाण न सोडता दोरी तितक्याच सावकाश परत आणा. थोडी विश्रांती घेत हे सात-आठ वेळा करताना मूठ थरथरली नाही, खांदा कानाकडे चढला नाही, तर ते धनुष्य तुमचं. जड धनुष्य घेतलेल्या माणसाचं काय होतं ते मी नेहमी बघते. बोट ओठांपर्यंत पोहोचायच्या आतच दोरी सुटते, मान दोरीकडे झुकते, आणि एकदा लागलेली ही खोड हलकं धनुष्य दिलं तरी लवकर जात नाही. शिवाय ओढ दर वेळी इंचभर कमीजास्त झाली की बाणाला मिळणारा जोरही दर वेळी वेगळा. मग कितीही निवडून घेतलेला लाकडी बाण जुळणार नाही.

पुन्हा खर्च नको ही मित्राची काळजी रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे टेकडाउन रिकर्व्ह. याचे तीन भाग सुटे होतात आणि मधली मूठ तीच ठेवून पुढे जास्त वजनाच्या लिंब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन हात, बसवता येतात.

लाँगबो की रिकर्व्ह, हा प्रश्न मला लोक समजतात तितका मोठा वाटत नाही. रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असतात, त्यामुळे त्याच वजनात बाण सहसा थोडा वेगाने जातो. मूठ जड असल्यामुळे हातही स्थिर राहतो. लाँगबो हलका, सुटताना हाताला हादरा जाणवतो, पण त्याची अरुंद, जाड लिंब सहजासहजी पिळवटत नाही, त्यामुळे मुठीवरची पकड जराशी चुकली तरी तो निभावून नेतो. तुम्हाला ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं ते घ्या. ही गोष्ट गौण नाही, सराव त्यावरच टिकतो.

लांबीकडे मात्र लक्ष द्या. धनुष्य आखूड असलं की पूर्ण ओढीला दोरीचा कोन तीव्र होतो आणि बोटं चिमटली जातात. शेवटच्या इंचाला वजनही एकदम चढतं. तुमची ओढ, म्हणजे दोरी मागे ओढण्याचं अंतर, २८ इंचांच्या आसपास असेल तर शिकण्यासाठी रिकर्व्ह ६२ इंचांहून कमी नको. लाँगबो ६६ ते ६८ इंचांचा बघा. दोरी चढवायला स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्य वाकवायची खास दोरी, वापरा. पायात अडकवून धनुष्य वाकवण्याच्या पद्धतीत लिंब पिळली जाते आणि एकदा पिळलेली लिंब सरळ करणं जिकिरीचं असतं.

प्रश्न: माझ्या लाँगबोवर ‘२८ इंचांवर ४५ पौंड’ असं लिहिलंय. म्हणून ४५–५० स्पाइनचे (म्हणजे तेवढ्या ताठपणाचे) डझनभर लाकडी बाण घेतले, २७ इंच लांबीचे, १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) टोकांचे. माझी ड्रॉ लेंग्थ म्हणजे ओढ २६ इंच, मी उजव्या हाताने सोडते. प्रत्येक बाण डावीकडे जातो आणि बरेचदा मुठीपाशी ‘खट्’ असा आवाज येतो. माझी दोरी सोडण्याची पद्धत चुकतेय का?

उत्तर: पद्धतीला इतक्यात दोष देऊ नका. तुमचे बाण तुमच्यासाठी फार ताठ आहेत. तुम्ही लांबी, टोक, ओढ सगळं व्यवस्थित मोजून लिहिलंत, त्यामुळे हे खात्रीने सांगता येतंय.

बाण धनुष्याच्या मधोमध नसतो, तो एका बाजूला टेकलेला असतो. दोरी मात्र त्याला मध्यरेषेकडे ढकलते. पूर्ण ताठ बाण अशा वेळी सरळ बाजूलाच फेकला जाईल. जुळलेला बाण सुटताक्षणी वाकतो, मुठीला वळसा घालतो, उलट्या बाजूला वाकतो आणि तसाच लवलवत पुढे जाऊन हळूहळू सरळ होतो. हे डोळ्यांना दिसत नाही. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं, तेव्हा सगळ्यांना बघायला मिळालं. तुमचा बाण पुरेसा वाकत नाही, त्याचा मागचा भाग मुठीला आपटतो. तो ‘खट्’ आवाज याचाच. उजव्या हाताने सोडणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो आणि गरजेपेक्षा लवचीक बाण उजवीकडे. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

लाकडी बाणाचं स्पाइन मोजण्याची रीत सोपी आहे. एकमेकांपासून २६ इंचांवर असलेल्या दोन आधारांवर शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, ठेवायचा, मधोमध २ पौंडांचं वजन टांगायचं आणि तो किती इंच वाकला ते बघायचं. २६ ला त्या आकड्याने भागलं की स्पाइन. ०.५२ इंच वाकला तर ५० पौंड, ०.६५ इंच वाकला तर ४० पौंड. शाफ्टवर छापलेला ‘४५–५०’ म्हणजे एवढंच. तुमच्या धनुष्याची, तुमच्या हाताची त्याला काहीच माहिती नसते.

आता तुमचा हिशेब करू. धनुष्यावरचे ४५ पौंड २८ इंचांच्या ओढीवरचे आहेत. तुम्ही २६ इंच ओढता. या वजनाच्या धनुष्यात एका इंचाला साधारण अडीच पौंड कमी होतात, म्हणजे तुमच्या बोटांवर ४० पौंड येतात. लटकत्या काट्यावर मोजता आलं तर फारच उत्तम, कारण हाताने केलेल्या धनुष्यांवरचा आकडा दोन-तीन पौंड इकडेतिकडे असतोच. मोजताना ध्यानात ठेवा, प्रमाणित ओढ म्हणजे नॉकच्या (बाणाच्या मागच्या टोकाला दोरी बसते त्या भागाच्या) खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच.

स्पाइनचे ठोकताळे २८ इंच लांब बाण आणि १२५ ग्रेनचं टोक गृहीत धरून केलेले असतात. बाणाची लांबी नॉकच्या खाचेपासून टोकाच्या मागच्या कडेपर्यंत धरायची, टोक सोडून. बाण इंचभर आखूड झाला की तो अधिक ताठ वागतो, म्हणून गरज ५ पौंडांनी घटते. तुमचा बाण २७ इंचांचा, तेव्हा ४० चे ३५ झाले. पुढची गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण बहुतेक लाँगबोंची मूठ मध्यरेषेपर्यंत कापलेली नसते. बाणाला जास्त मोठा वळसा घालावा लागतो, म्हणजे आणखी ५ पौंड कमी. डेक्रॉनची, म्हणजे थोडी ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याची, दोरी धरली तर तुम्हाला साधारण ३० ते ३५ स्पाइनचा बाण हवा. हातात आहे ४५–५० चा!

हे ठोकताळे आहेत, निकाल बाण सोडूनच लागतो. म्हणून डझनभर घेऊ नका. ३०–३५, ३५–४० आणि ४०–४५ या गटांतले दोन-दोन शाफ्ट मागवा, इंचभर लांबच ठेवा आणि दहा-बारा पावलांवरून मऊ लक्ष्यावर सोडून बघा. प्रत्येक गटातला एक बाण पिसांचा आणि एक बिनपिसांचा ठेवा. पिसं बाणाची चूक लवकर दुरुस्त करतात, बिनपिसांचा बाण ती जशीच्या तशी दाखवतो. बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणाच्या डावीकडे लागला तर ताठ, उजवीकडे लागला तर लवचीक. उजवीकडे जाणारा बाण पाव-पाव इंच कापत आणा. बिनपिसांचा लाकडी बाण लक्ष्यात तिरका घुसला तर मोडू शकतो, म्हणून अंतर वाढवू नका.

यात एक फसवा प्रकार आहे. फार ताठ बाण कधीकधी मुठीवर आपटून उलट उजवीकडे उसळतो आणि माणूस त्याला लवचीक समजून आणखी ताठ बाण आणतो. आवाज येत असेल तर दिशेवर विश्वास ठेवू नका, आधी आवाज घालवा. नॉकही तपासा. दोरीला अडकवलेला बाण खाली लोंबता राहावा आणि दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की सुटून पडावा. घट्ट नॉक चांगल्या बाणालाही बिघडवतो.

आणि आत्ताच्या डझनाचं काय? टोकं जड करून बघा. टोकात २५ ग्रेन वाढले की बाण साधारण ५ पौंडांनी लवचीक वागतो. १७५ ग्रेनची टोकं लावलीत तर अंतर बरंच कमी होईल. मुठीच्या बाजूला जाड चामडं चिकटवलेलं असेल तर तिथे पातळ लावा, बाण मध्यरेषेच्या जवळ येईल. एवढं करूनही ते पूर्ण जुळतील असं वाटत नाही. तुमच्यापेक्षा लांब ओढणाऱ्या कुणाच्या तरी हातात ते छान चालतील, त्यांना द्या.

प्रश्न: मी १६ वर्षांचा आहे. स्वतः बाण बनवायला शिकतोय. शाफ्टच्या गठ्ठ्यातून चांगले कसे निवडायचे? कोणतं लाकूड घेऊ?

उत्तर: तू बाण बनवायला घेतलेस याचं फार कौतुक वाटलं. निवड डोळ्यांनी सुरू कर. शाफ्ट उजेडात धरून लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताहेत का ते बघ. रेषा मध्येच बाजूला निसटून बाहेर पडत असतील तर बाण त्याच ठिकाणी तिरका फाटतो, आणि तेही सुटतानाच, जेव्हा तुझा हात त्याच्या शेजारी असतो. असा शाफ्ट कितीही सरळ दिसला तरी बाजूला काढ. त्यात गाठ असेल तर तोही नको. मग सपाट काचेवर घरंगळव. थोडा बाक असेल तर शाफ्ट किंचित गरम करून तळहाताने दाबत सरळ करता येतो.

यानंतर प्रत्येकाचं स्पाइन आणि वजन मोजून शाफ्टवर पेन्सिलीने लिही. एकाच गठ्ठ्यातले, एकाच झाडाचे शाफ्टसुद्धा सारखे निघत नाहीत. एका संचातल्या बाणांच्या स्पाइनमध्ये ५ पौंडांहून जास्त फरक नको. वजनात १० ते १५ ग्रेनचा फरक चालेल. बाण फार हलकाही नको, नाहीतर उरलेला जोर धनुष्याच्या लिंबांना सोसावा लागतो. तुझ्या ओढीच्या दर पौंडामागे ८ ते १० ग्रेन धर. ३५ पौंड ओढत असशील तर टोक आणि पिसांसकट २८० ते ३५० ग्रेनचा बाण बरा.

लाकडाबद्दल माझा कल उघड आहे. पोर्ट ऑरफर्ड सीडर मला सर्वांत आवडतं. अमेरिकेत ओरेगनच्या दक्षिण आणि कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनारपट्टीवर हे झाड वाढतं, कापताना आल्यासारखा वास येतो, आणि हलकं असूनही ते पुष्कळ सोसतं. त्या झाडांवर मुळं कुजवणारा रोग पसरला आहे, त्यामुळे चांगलं लाकूड पूर्वीसारखं सहज मिळत नाही. सिटका स्प्रूस हलका आणि चिवट. डग्लस फर जड आणि टणक. शिकताना पाइनही चालतो, त्यात वाईट काही नाही, निवडताना जास्त बाजूला काढावे लागतात इतकंच. पॉपलरला हलकं लेखणारे भेटतील. १५४५ मध्ये बुडालेलं आणि १९८२ मध्ये वर काढलेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रज युद्धजहाज बघ. त्यात १३७ अखंड लाँगबो आणि हजारो बाण सापडले आणि त्यातले बहुतेक बाण पॉपलरचे होते.

जाडी वजनाप्रमाणे घ्यायची. ४० पौंडांच्या आतल्या धनुष्याला ५/१६ इंच, त्याच्या वर ११/३२, आणि खूप जड धनुष्यांना २३/६४. टोकासाठी ५ अंशांचा उतार तास, नॉकसाठी ११ अंशांचा.

नॉक चिकटवताना घाई अजिबात करू नकोस. शाफ्टच्या तोंडाकडे बघितलंस की वाढीच्या रेषा दिसतील. नॉकची खाच त्या रेषांना आडवी, काटकोनात आली पाहिजे. मग शाफ्टची ताठ बाजू मुठीकडे येते आणि सगळे बाण एकसारखे वाकतात. शाफ्टच्या अंगावर लाकडाच्या रेषांचे निमुळते, बाणासारखे आकारही दिसतील. बाण लावल्यावर वरच्या अंगाला ते टोकाच्या दिशेने रोखलेले असावेत. पुढेमागे बाण मोडलाच तर त्याची फाटलेली कपची वर जाते, हातात घुसत नाही. पिसं एका बाणाला सगळी डाव्या पंखाची किंवा सगळी उजव्या पंखाची लाव, मिसळ नको. प्लॅस्टिकच्या पात्या लावू नकोस. बाण मुठीच्या कडेवरून किंवा हातावरून जाणार असेल तर पीस दबतं आणि पुन्हा उभं राहतं, प्लॅस्टिक बाणाला उसळवतं.

प्रश्न: माझे कार्बनचे ५०० चे बाण छान चालतात. लाकडी घेताना ५० स्पाइन घेतलं तर बरोबर ना?

उत्तर: नाही. कार्बनचा आकडा वेगळ्या मापाने येतो: आधारांमध्ये २८ इंच आणि वजन १.९४ पौंड. ५०० म्हणजे तिथे ०.५०० इंच वाकला. तोच शाफ्ट लाकडाच्या मापाने मोजला तर ०.४१ इंचाच्या आसपास वाकेल, म्हणजे ६३ स्पाइन. पण म्हणून ६३ चा लाकडी बाणही घेऊ नका. कार्बनचे बाण बरेचदा लांब ठेवून, जड टोक लावून वापरतात, आणि कार्बन सुटल्यावर लाकडापेक्षा लवकर सरळ होतो. तुमच्या बोटांवरचं वजन मोजा आणि वरच्या उत्तरातला हिशेब पहिल्यापासून करा.

प्रश्न: नातेवाइकांकडून जुना, एकसंध रिकर्व्ह मिळाला. कित्येक वर्षं भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. लगेच वापरू का?

उत्तर: आधी दोरी बदला. जुन्या लिंबांची टोकं नव्या, न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका सोसण्यासाठी मजबूत केलेली नसतात, त्यामुळे डेक्रॉनच घ्या. कापसाचा बोळा लिंबांवरून फिरवा. तो जिथे अडकेल तिथे तडा किंवा सुटलेला थर असण्याची शक्यता आहे. फायबरग्लासमधल्या लांबीच्या बारीक रेषा बहुतेकदा निरुपद्रवी असतात, आडवी भेग मात्र धोक्याची. स्ट्रिंगरने दोरी चढवा आणि एका टोकाकडून बघा, दोरी दोन्ही लिंबांच्या मधोमध गेली पाहिजे. मग काही इंच, नंतर आणखी काही इंच अशी हळूहळू ओढत न्या. करकर ऐकू आली तर थांबा. रिकाम्या दोरीने कधीही सोडू नका.

प्रश्न: लाकडी बाण किती टिकतात? दमट हवेत वाकडे होतात असं ऐकलंय.

उत्तर: होतात, जर लाकूड उघडं ठेवलं तर. पॉलीयुरेथेनचे किंवा लॅकरचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. नॉकखालचा आणि टोकाच्या आतला भाग लोक विसरतात, ओल नेमकी तिथूनच शिरते. बाण भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका. आडवे सपाट ठेवा किंवा उभ्या घडवंचीत ठेवा. उन्हात बंद गाडीत तर बाण आणि धनुष्य दोन्ही नकोत, लॅमिनेट केलेल्या लिंबांचा गोंद उष्णतेने सुटू शकतो.

किती टिकतात, हे आपटण्यावर ठरतं. नीट जपलेला बाण वर्षानुवर्षं जातो आणि दगडाला लागलेला त्याच दिवशी संपतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर, लक्ष्यातून काढल्यावर लगेच, बाण दोन्ही हातांत धरून थोडा वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा आणि कान द्या. बारीकशी करकरही आली तर तो बाण बाद. टोकाच्या लगेच मागे नखाने तपासा, बहुतेक तडे तिथे पडतात. गोंद लावून असा बाण पुन्हा वापरायला माझ्या विद्यार्थ्यांना मी परवानगी देत नाही. बाद केलेला बाण जागच्या जागी गुडघ्यावर मोडा, म्हणजे कुणी चुकून उचलून दोरीवर चढवणार नाही. टोक आणि नॉक काढून पुढच्या शाफ्टसाठी ठेवा.